तिथीची पाऊणपट

२७ मे २०२४. दुपारी एकला दहावीचा निकाल लागला आणि दोन वाजेपर्यंत माझ्या फोनवरच्या बहुतेक सगळ्या स्टेटसवर एकच आकडा झळकत होता : ९९.०१. कोकण विभाग पुन्हा राज्यात पहिला. राज्याचा निकाल ९५.८१ टक्के. आदल्या वर्षी आमचा ९८.११ होता, तेव्हाही आम्ही पहिलेच होतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, एवढ्या दोन जिल्ह्यांचं आमचं मंडळ. पहिला पाऊस जसा जूनमध्ये येतो तसा हा पहिला नंबर मे किंवा जूनमध्ये येतो. येतो, आम्ही पेढे वाटतो आणि पावसाच्या तयारीला लागतो.

त्याच संध्याकाळी मी ओटीवर बसून एक कागद भरत होते. गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची मी अध्यक्ष आहे. पुढच्या वर्षीचा अपेक्षित पट लिहायचा होता. पहिली ते सातवी मिळून मी लिहिलं : ९.

नवरा मागून बघत होता. म्हणाला, "नऊ नाय, आठ लिही."

आमची मुलगी तिसरीत जाणार होती. तिला आता इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालायचं, असं त्याने ठरवलं होतं. सकाळी सात-दहाला व्हॅन आमच्या पाणंदीच्या तोंडाशी येते. गावातली अकरा मुलं तिच्यात बसतात. म्हणजे व्हॅनचा पट शाळेपेक्षा दोनने जास्त आहे.

गाव मालवण तालुक्यातलं, किनाऱ्यावरचं. नाव सांगत नाही, कारण नऊ मुलांची शाळा ओळखायला फार वेळ लागत नाही. मी त्याच शाळेत शिकले. त्या रात्री मी आठही लिहिलं नाही आणि नऊही ठेवलं नाही. कागद उशाखाली ठेवून झोपले. झोप लागली नाही, ते वेगळं.

*

जुलै २०२३ मध्ये शाळेचं छप्पर एका कोपऱ्यात गळायला लागलं होतं. कपाटातले कागद भिजू नयेत म्हणून मी आणि बाई ते उपसत होतो. बाई घाटावरच्या, इथे येऊन चार वर्षं झालेली. त्या ढिगात पालकसभेची जुनी रजिस्टरं निघाली. एक माझ्या वेळचं होतं.

मी पहिलीत गेले १९९६ साली. रजिस्टरात माझ्या नावासमोर बाबांचं नाव होतं आणि त्यापुढे सहीच्या रकान्यात 'गैरहजर'. पुढच्या सभेला गैरहजर. त्यापुढच्याही. सातवीपर्यंत बाबांची एकही सही नाही. एका पानावर लाल शाईत शेरा होता : 'मच्छीमार पालक शिक्षणाबाबत उदासीन.'

मी सभांच्या वेळा बघितल्या. सकाळी अकरा. सगळ्या सभा सकाळी अकराला.

आमची रापण होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीने ते समुद्रात अर्धगोल टाकून यायचं आणि मग दोन्ही टोकांना वीस-पंचवीस माणसं लागून ते ओढायची. पहाटे टाकलेली रापण ओढून, मासळी वाटून, जाळं झाडून घरी यायला दुपार व्हायची. एक माणूस कमी झाला तर दुसऱ्याच्या खांद्यावर भार. शिवाय ज्याने दोरी ओढली त्यालाच वाटा. अकरा वाजता बाबा दोरीला असायचे.

ते रजिस्टर मी घरी आणलं आणि बाबांना दाखवलं. बाबा आता सत्तरीत आहेत. त्यांनी चष्मा लावून आपलं नाव शोधलं. शेरा वाचला. रागावतील असं मला वाटलं होतं, पण ते म्हणाले, "येळ असतो तरी गेलो नसतंय. मास्तर कायतरी विचारतलो आणि माका येवचा नाय."

मला त्या लाल शेऱ्यापेक्षा हे वाक्य जास्त लागलं.

*

मग मी विचार करायला लागले की, एकमेकांना कधीही न भेटलेले माझे बाबा आणि माझे गुरुजी, यांनी मिळून मला नेमकं कशासाठी तयार केलं?

गुरुजींची मेहनत मी नाकारणार नाही. शिष्यवृत्ती परीक्षेच्या आधी ते संध्याकाळी जादा तास घ्यायचे, दिवे गेले तर कंदिलावर. त्याचे त्यांना कोणी पैसे दिले नाहीत. बाबांनी घरात दुसरी तयारी चालवली होती. चौथीनंतर मला रापणीवर जायची बंदी झाली. आई मालवणच्या बाजारात मासे विकायची. कधी मी मदतीला हात लावला तर म्हणायची, "माजा चेडू डोक्यार टोपली घेवचा नाय." मासे कापायला मी शिकले ते लग्नानंतर, मुंबईत.

म्हणजे दोघांची भेट न होता दोघांचं पूर्ण एकमत होतं. भविष्य नावाची गोष्ट इथे नाही, ती कणकवली किंवा कुडाळच्या स्टेशनवरून गाडीत बसल्यावर सुरू होते. गुरुजी मला त्या गाडीचं तिकीट काढून देत होते आणि आईबाबा मला फलाटापर्यंत ढकलत होते. मी २००६ ला दहावी झाले, चांगल्या मार्कांनी. बारावीनंतर परळला मावशीच्या खोलीत गेले. बी.कॉम., मग अंधेरीत विमा कंपनीचं काम करणाऱ्या एका ऑफिसात नोकरी.

हे एकट्या माझ्या घरचं नाही. आमच्या भागातल्या कितीतरी हायस्कुलांच्या दारात संगमरवरी पाटी असते आणि तिच्यावर देणगीदारांची नावं. पुष्कळ नावांपुढे 'मुंबई' लिहिलेलं असतं. गिरणीत, गोदीत, खानावळीत राबलेल्या चाकरमान्यांनी मंडळं काढली आणि पगारातून पैसे पाठवले. गावातल्यांनी जागा दिली, चिरे वाहिले. शाळेने आणि पालकांनी एकत्र यावं, असं आता परिपत्रकांतून सांगतात. कोकणात ते कितीतरी आधी घडलेलं आहे, तेही कुणी न सांगता. फक्त त्या एकत्र येण्यातून जो रस्ता बांधला गेला तो बाहेर जाणारा होता.

तो चुकीचा होता का? मला तसं म्हणवत नाही. माझ्या पगारातून घरात संडास झाला, भावाच्या होडीला इंजिन आलं. मावशीच्या दहा बाय बाराच्या खोलीत मी जे शिकले ते गावात शिकले नसते. पण आकडेही बघायला हवेत. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ ला ती ८,४९,६५१ झाली. राज्यभर माणसं वाढत असताना आमच्याकडे कमी झाली. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया १०३६, कारण पुरुष मुंबईला. ९९ टक्क्यांचा निकाल आणि ९ चा पट यांना मी दोन वेगळ्या बातम्या समजत होते. आता वाटतं, दुसरी बातमी पहिलीच्याच पोटातून आलीय.

आणखी एक गंमत. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. मी तेव्हा दुसरीत असेन. पुढे शाळेत आम्ही 'मी डॉक्टर झाले तर', 'मी कलेक्टर झाले तर' असे निबंध लिहिले. आमच्याच किनाऱ्यावर लोक पैसे देऊन राहायला येतील, तारकर्लीला पाण्याखाली बुड्या मारायला शिकवणारी सरकारी संस्था निघेल, हे ना गुरुजींच्या डोक्यात होतं ना बाबांच्या. ते त्यांच्या डोक्यात असायला हवं होतं, असंही नाही. भविष्य कुणालाच दिसत नाही. त्यामुळे एका ठरावीक भविष्यासाठी मुलाला तयार करणं ही मुळातच बेभरवशाची गोष्ट आहे.

*

मी परत आले ती काही गावाच्या ओढीने नाही. मे २०२० मध्ये मुंबईत काम थांबलं, खोलीत चार वर्षांची मुलगी आणि आम्ही दोघं. पास काढून गावी आलो, तर चौदा दिवस विलगीकरण. कुठे? शाळेत. ज्या वर्गात मी पाढे म्हटले त्याच वर्गात आम्ही चटया टाकून राहिलो. आई गडग्यापलीकडे पेजेचा टोप ठेवून जायची. मुलगी खडूने फरशीवर रेघोट्या ओढायची. तिची शाळेशी पहिली ओळख तीच.

मग राहिलोच. वडिलोपार्जित घराला दोन खोल्या काढून पर्यटकांसाठी न्याहारी-निवास सुरू केला. मे २०२१ ला तौक्ते वादळ आलं आणि एका खोलीचं छप्पर घेऊन गेलं. कर्जावर कर्ज झालं. जून २०२२ ला मुलगी पहिलीच्या वयाची झाली तेव्हा व्हॅनचे आणि फीचे पैसे आमच्याकडे नव्हते, म्हणून ती गावच्या शाळेत गेली. मराठी शाळा, मातृभाषा, तत्त्व वगैरे काही नव्हतं. हे मी कबूल करते, कारण नंतर लोकांनी मला भाषण करायला बोलावलं तेव्हा मी ते लपवलं होतं.

अध्यक्षपदही असंच गळ्यात पडलं. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यानुसार अशा प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती लागते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया हव्यात. शाळेचा विकास आराखडा या समितीने करायचा असतो. म्हणजे कागदावर शाळा आमच्याच हातात आहे. प्रत्यक्षात बैठक म्हणजे चहा, सह्या आणि 'सगळ्यांचं एकमत झालं' हे आधीच लिहून ठेवलेलं वाक्य. मुंबईत नोकरी केलेली बाई मिळाल्यावर सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि मला अध्यक्ष केलं.

त्या कायद्यात शिक्षकाची कर्तव्यं दिली आहेत. त्यात एक असं की, शिक्षकाने पालकांच्या नियमित सभा घ्याव्यात आणि त्यांना मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, प्रगती याबद्दल सांगावं. चांगलंच आहे. पण मी ते दोनदा वाचलं. शिक्षकाने सांगायचं, पालकांनी ऐकायचं. पालकांकडेही सांगण्यासारखं काही असेल, हे त्या कलमात आलेलं नाही. बाबांची भीती आणि कायद्याचं कलम एकाच ठिकाणी येऊन थांबत होतं.

रजिस्टर सापडल्यावर मी फक्त एक गोष्ट केली. सभेची वेळ संध्याकाळी सात केली.

*

सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवणारं सरकारी पत्र आलं. अशा शाळा मिळून एक मोठी समूह शाळा करायची, असा विचार होता. पुण्यातल्या पानशेतचं आणि नंदुरबारमधल्या तोरणमाळचं उदाहरण त्यात दिलं होतं. आमच्या ग्रुपवर ते पत्र दिवसभर फिरलं. पुढच्या सभेला प्रथमच सगळी घरं आली. नऊ मुलांची सहा घरं. आजी-आजोबा धरून चौदा माणसं शाळेच्या पडवीत बसली. मुलीचे आजोबा म्हणून बाबाही आले आणि खांबाला टेकून सगळ्यांच्या मागे बसले.

शाळा बंद होणार का, यावर तासभर बोलणं झालं. ते संपलं तेव्हा बाईंनी, बहुधा विषय बदलायला, एक अडचण सांगितली. सहावीत एक मुलगा आहे, त्याला दशांश अपूर्णांक येत नाहीत. तीन पूर्णांक पंच्याहत्तर म्हणजे काय, हे कळतच नाही. त्याचे वडील मान खाली घालून ऐकत होते. मला ते बघवेना. तेवढ्यात मागून बाबा म्हणाले, "पावणेचार."

बाईंनी वळून बघितलं.

"तीन आणि पाऊण. पंचमीची भरती," बाबा म्हणाले.

बाईंना काही कळलं नाही. त्या घाटावरच्या, त्यांचा समुद्राशी संबंध इथे आल्यावरचा. त्यांनी विचारलं, "म्हणजे कसं, बाबा?"

बाबांनी जे सांगितलं ते किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना ठाऊक असतं, पण मला, त्यांच्या मुलीला, ठाऊक नव्हतं. भरती किती वाजता हे काढायचं तर तिथीची पाऊणपट करायची. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं. आज पंचमी, तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार. त्या सुमाराला भरती पुरी होणार, मग पुन्हा साधारण बारा-साडेबारा तासांनी. अष्टमीला सहा. नवमीला पावणेसात. पुनवेला आणि अवसेला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. मग प्रतिपदेपासून पुन्हा एक.

बाई उठल्या आणि पडवीतल्या फळ्यावर लिहायला लागल्या. मग सहावीतल्या त्या मुलाला म्हणाल्या, "षष्ठीची काढ." त्याने बोटांवर केलं. सहा त्रिक अठरा, भागिले चार, साडेचार. आणि पंचमीची दशांशात? त्याने लिहिलं ३.७५ आणि वाचलं, "तीन वाजून पंच्याहत्तर मिनिटं." सगळे हसले. तोही हसला, आणि हसता हसता थांबला. "मिनिटं साठच असतत," तो स्वतःशी म्हणाला. बाई मला नंतर म्हणाल्या, "तीन महिने मी जे फळ्यावर समजावत होते ते त्या क्षणी त्याच्या डोक्यात गेलं."

गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहिली नसती. अनुभवी आजोबा, चकित झालेल्या बाई, टाळ्या. असे व्हिडिओ तुम्हीही पुष्कळ बघितले असतील.

दिवाळीनंतर बाईंनी शनिवारच्या सकाळी मुलांना खाडीच्या तोंडाशी न्यायला सुरुवात केली. जेटीच्या खांबावर खुणा केल्या. रोज एका घराकडे पाळी : भरती पुरी झाली की वेळ लिहायची. पहाटेची असेल तर वडिलांनी, दुपारची असेल तर आईने. महिनाभर हे चाललं. एका बाजूला बाबांचा हिशेब, दुसऱ्या बाजूला खरी वेळ. पुष्कळदा वीस मिनिटं, अर्ध्या तासाचा फरक यायचा. बाबा म्हणायचे, वारो.

मग एका शनिवारी तोच सहावीतला मुलगा तक्त्यासमोर उभा राहून म्हणाला, "आजोबा, रोज पाऊण तास पुढे जाता. मग पुनवेक सव्वाअकरा आणि दुसऱ्या दिवशी एकदम पाऊण? दीड तास? दर्यान मदीच उडी मारली काय?"

बाबा गप्प झाले. पन्नास वर्षं त्यांनी हा हिशेब वापरला होता. एक पंधरवडा संपून दुसरा सुरू होताना आकडा उडी घेतो, हे त्यांना कधी खटकलं नव्हतं, कारण त्या दिवसांत ते डोळ्यांनी पाणी बघूनच निघत. थोड्या वेळाने म्हणाले, "दर्या उडी मारूचो नाय." मग बाईंकडे बघून : "म्हंजे माजा चुकता?"

बाईंनी फळ्यावर मांडलं. अवसेपासून पुनवेपर्यंत भरतीची वेळ घड्याळात एक पूर्ण फेरा मारते, म्हणजे बारा तास. पंधरा तिथींत बारा तास, तर एका तिथीला किती? ७२० मिनिटं भागिले १५, म्हणजे ४८. पाऊण तास म्हणजे ४५. रोज तीन मिनिटं सुटतात. पंधरा दिवसांची झाली ४५. तीच ती उडी.

"चुकत नाही, बाबा," बाई म्हणाल्या. "तुमच्या माणसांनी सोपं करून ठेवलंय. अठ्ठेचाळीसचा पाढा होडीत उभं राहून कोण म्हणणार? पाऊणपट तोंडी होते."

घरी येताना बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "माका कोणी असा कधी विचारूक नाय."

त्यांना वाईट वाटलं नव्हतं, हे मला आवाजावरून कळलं. ज्या शाळेत आपल्याला काही विचारतील आणि आपल्याला येणार नाही म्हणून ते आयुष्यभर गेले नाहीत, तिथे त्यांना विचारलं गेलं. थोडं आलं, थोडं आलं नाही, आणि आकाश कोसळलं नाही.

*

असं काही करणारे आम्हीच पहिले, असा माझा समज नाही. जपानमध्ये केसेन्नुमाच्या किनाऱ्यावर शिगेआत्सु हाताकेयामा नावाचे कालवांची शेती करणारे गृहस्थ होते. समुद्र बिघडतोय तो वरच्या डोंगरामुळे, हे ओळखून १९८९ पासून त्यांनी नदीच्या उगमाकडे झाडं लावायला सुरुवात केली आणि डोंगरातल्या शाळांची मुलं किनाऱ्यावर बोलावली. कालवं आपली आमच्याही खाडीत आहेत. आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? हाताच्या कामातून शिक्षण, हा गांधीजींचा नयी तालीमचा विचार १९३७ च्या वर्धा परिषदेत मांडला गेला. कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९४८ मध्ये कणकवलीला गोपुरी आश्रम उभा केला, तो श्रमाला प्रतिष्ठा मिळावी म्हणूनच.

पण हा विचार मांडताना माझी जीभ जड होते, कारण आईची टोपली डोळ्यांसमोर येते. आम्ही गाबीत. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या टेबल-खुर्ची आहे त्यांच्या मुलांना कोणी सांगत नाही, की बापाच्या धंद्यातून शीक. ते नेमकं आमच्याच मुलांना सांगतात. आईने मला माशांपासून लांब ठेवलं त्यात अडाणीपणा नव्हता, हिशेब होता. त्यामुळे शाळेने मुलाला समुद्र शिकवावा याचा अर्थ मुलाने मच्छीमारच व्हावं असा कुणी काढणार असेल, तर मी आईच्या बाजूने उभी राहीन. आणि आता मासळीचीही खात्री कुठे आहे? पर्ससीन जाळ्यांवर २०१६ मध्ये राज्याने निर्बंध आणले, तरी भांडण संपलेलं नाही. आमची रापण आता वर्षातून मोजके दिवसच लागते.

माझं म्हणणं एवढंच आहे : पोरगा जावो किंवा राहो, पण आपल्या घरात काही ज्ञान होतं हे त्याला माहीत असावं. आणि ते तपासून बघायची, त्यातली तीन मिनिटांची चूक शोधायची पद्धतही त्याला माहीत असावी. पहिली गोष्ट घर देतं, दुसरी शाळा. मला शाळेने उत्तरं पाठ करून दिली आणि घराने आपली उत्तरं लपवली. अंधेरीच्या ऑफिसात मी नऊ वर्षं काढली, पण एखादा नियम असाच का, असं विचारायला मला भीती वाटायची. त्या सहावीतल्या मुलाला वाटली नाही.

*

हे सगळं मी त्या मे महिन्याच्या रात्री नवऱ्याला सांगितलं. तो ऐकून घेणारा माणूस आहे. त्याने ऐकलं आणि म्हणाला, "भरती मोजून इंटरव्ह्यूत इंग्लिश येतला?" आणि मग शांतपणे म्हणाला, "शाळा वाचवूक तू आपल्या चेडवाक वापरतंस."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पूर्ण उत्तर नाही. मुलगी माझी आहे, तशी ती तिची स्वतःचीही आहे. तिच्या इंग्रजीची जबाबदारी गावाच्या भावनेवर टाकता येत नाही. आमच्याकडे राहायला येणाऱ्या पाहुण्यांशी तो स्वतः तुटक इंग्रजीत बोलतो, त्या वेळी त्याला काय वाटतं ते मी बघितलेलं आहे.

मी म्हटलं, हेच तू सभेत बोल.

तो जूनच्या सभेला आला आणि हेच बोलला, सगळ्यांसमोर, बाईंसमोर. मला वाटलं बाई दुखावतील. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. माझं इंग्रजी कच्चं आहे. तुमच्यापैकी कोणाचं बरं आहे?" पडवीत शांतता. मग चौदापैकी तेरा माणसं माझ्याकडे बघायला लागली. नऊ वर्षं मी इंग्रजीत विम्याच्या ईमेल लिहिल्या होत्या. तोपर्यंत शाळेला द्यायला माझ्याकडे सह्या सोडून काही आहे, हे मला सुचलं नव्हतं. बाबांची गोष्ट सांगत मी गावभर फिरत होते आणि मी स्वतःही खांबाला टेकूनच बसले होते.

तेव्हापासून मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी मी इंग्रजी घेते. वाचन आणि बोलणं. व्याकरण बाई बघतात. सहावीतल्या मुलाचे वडील होडीचं इंजिन खोलून दाखवायला दोनदा आले. विकास आराखड्यात आम्ही हे लिहिलं, पहिल्यांदाच आमच्या अक्षरात. नवऱ्याने एका वर्षाची मुदत दिली. मी कागदावर ९ लिहिलं.

वर्ष संपलं. मुलगी इंग्रजी वाचते, व्हॅनमधल्या मुलांइतकी अस्खलित बोलत नाही. नवऱ्याने मुदत आणखी वर्षभर वाढवली आहे, बिनशर्त नाही. मे २०२५ ला निकाल लागला, ९८.८२, पुन्हा पहिले. शाळेचा पट मात्र आठ झाला, कारण सातवी झालेला एक मुलगा मालवणच्या हायस्कुलात गेला. तोच, भरतीची उडी पकडणारा. एसटीने जातो. भेटला की मी त्याला विचारते, कसं चाललंय? गणित बरं आहे म्हणतो. ही शाळा पुढच्या पाच वर्षांत राहील की नाही, ते मी सांगू शकत नाही. मुलगी मोठी झाल्यावर मुंबईला जाईल, की पुण्याला, की इथेच दोन खोल्यांच्या चार करील, तेही नाही.

एक सांगू शकते. परवा ग्रुपवर बाईंची सूचना आली : 'पालकसभा नवमीला, संध्याकाळी साडेसात. भरती पावणेसातची आहे, होड्या लागल्यावर सगळ्यांनी यावे.' खाली बाबांनी अंगठा टाकला होता, फोनवरचा.